चादरींच्या गाडीतून थीम पार्कला

पिल्लू न्हाणीघरात पडला, तेव्हा त्याला उठवण्याएवढं बळ ताईच्या अंगात उरलं नव्हतं. तिने बखोटीला धरून ओढलं, पाठीमागून रेटलं, आणि शेवटी हात टेकून त्याच्या शेजारीच ओल्या फरशीवर बसली. शेजारचा गवंडी कामावरून परत येईपर्यंत दोघं तशीच बसून होती. पिल्लूला सगळी गंमत वाटत होती. तो बादलीतलं पाणी तिच्या अंगावर उडवत होता.

पिल्लू तिचा धाकटा भाऊ. आईने लाडाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता चाळिशी उलटली होती, दारात उभा राहिला तर खोलीतला उजेड अडायचा, पण समज मात्र चार-पाच वर्षांच्या पोराची. आई गेल्यापासून त्याचं सगळं ताईच करत आली. तिचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं. माणूस तिला न्यायला तयार असायचा, पण पिल्लूही सोबत येणार म्हटलं, की त्याला अचानक लांबच्या गावी नोकरी लागायची.

ताई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी गरम रोलरमध्ये सरळ घालायच्या. दिवसभर उभं राहून तेच. उभं राहून राहून तिचं खुब्याचं हाड झिजलं. डॉक्टर म्हणाला, "आता वजन उचलायचं नाही."

"भाऊ चालेल का?" तिने विचारलं.

डॉक्टर हसला नाही.

शहराबाहेर अशा मोठ्या झालेल्या लेकरांना सांभाळणारी एक संस्था होती. ताईने तिथे फार पूर्वी पिल्लूचं नाव घालून ठेवलं होतं, आणि नंबर लागू नये अशी मनातल्या मनात प्रार्थनाही चालवली होती. त्या पडण्यानंतर ती आपण होऊन विचारायला गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "एक खाट रिकामी झालीय. पुढचा महिना लागला की घेऊन या." खाट कशी रिकामी झाली, हे ताईने विचारलं नाही.

पिल्लूला हे सांगायला तिची जीभ रेटेना. सांगायचं सोडून तिने भलतंच विचारलं, "पार्कला जायचं का?"

बसथांब्यावर थीम पार्कची भली मोठी जाहिरात होती. तिच्यावरच्या आकाशपाळण्यावर बोट आपटत पिल्लू रोज म्हणायचा, "ताई, हे." ती म्हणायची, "जाऊ की." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आज तिने स्वतः विषय काढल्यावर तो उठला आणि चप्पल घालून दारात जाऊन उभा राहिला.

पार्क लांब होतं. एका दिवसात जाऊन येणं त्याला झेपलं नसतं, म्हणजे मुक्काम आला. पार्कच्या हॉटेलात फोन केला, तर गोड आवाजाच्या मुलीने भाडं सांगितलं. ताईने चटका बसल्यासारखा फोन कानापासून लांब धरला. मग चौकातला सहलवाला गाठला. त्याची बस स्वस्त होती, राहणं-खाणं त्यातच. त्याने आधी दोन तिकिटं पुढे केली, मग पिल्लूकडे बघितलं. पिल्लू त्याच्या टेबलावरची छोटी बस तोंडाने आवाज काढत फिरवत होता.

"तसं नाही ताई," तिकिटं मागे घेत तो म्हणाला, "पण बाकीची माणसंही पैसे भरून येतात हो."

"हाही भरूनच येतोय की."

"लहान मुलं असतात बसमध्ये. घाबरतात."

दोन लॉजवाल्यांनी फोनवरच विचारलं, सोबत कोण? भाऊ म्हटल्यावर एकजण खोकल्यासारखा हसला. दुसऱ्याला तिने पिल्लूची खरी हकीकत सांगितली, तर त्याच्या खोल्या त्याच क्षणी भरल्या. खोटं बोलावं तरी पंचाईत, खरं बोलावं तरी पंचाईत.

शेवटी वाट निघाली ती लाँड्रीतूनच. पार्कजवळच्या हॉटेलांना धुतलेल्या चादरी पोचवणारा ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या गाडीतून चल. पुढे एकच सीट आहे, त्याला मागे गाठोड्यांवर बसवू. मालकाला कळलं तर मी तुला ओळखत नाही, आणि तू मला." राहायचीही सोय त्यानेच केली. पार्कात झाडू मारणाऱ्यांना आणि प्राण्यांची सोंगं घालून नाचणाऱ्यांना एक म्हातारी खोल्या द्यायची.

पिल्लू मागे एकटा बसेना, म्हणून ताईही मागेच बसली. चादरी अजून कोमट होत्या. तिच्याच हाताखालून गेलेल्या त्या चादरींवर पिल्लू आडवा झाला आणि हसत म्हणाला, "ऊन ऊन." गाडी हेलकावली, की तिच्या खुब्यात कळ जायची आणि ती ओठ दातांखाली दाबायची.

म्हातारीने खोली उघडून दिली. भिंतीला ओल, दोन खाटा, आणि खिडकीत वाळत टाकलेलं अस्वलाचं डोकं. शेजारच्या खोलीतला वाळलेला, खोकणारा माणूस ते न्यायला आला. पिल्लूने डोक्याकडे बघितलं, मग माणसाकडे.

"आत गरम होतं?" त्याने विचारलं.

"लई," तो माणूस म्हणाला. "भट्टी असते नुसती." मग ताईकडे वळून बोलला, "दिवसभरात हे विचारणारा हा पहिलाच."

सकाळी म्हातारीने पाव आणि उकडलेली अंडी दिली. पार्कात पहिल्याच खेळाच्या छोट्या गाडीत पिल्लूच्या पोटावर अडकवायचा दांडा बसेना. मागची रांग कुजबुजायला लागली, तशी ताईने त्याला खाली उतरवलं. दुसरीकडे दारावरचा पोरगा "यांना नाही चालणार" म्हणाला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. पिल्लू कुरकुरला नाही. तो वर बघत होता. आकाशपाळणा कुठूनही दिसत होता.

तिथे मात्र कुणी अडवलं नाही. काचेची बंद खोली होती, दोघांपुरती. दार लागलं, जमीन खाली सरकली, आणि पिल्लूने आनंदाने दोन्ही हात काचेला लावले. "ताई, माणसं मुंग्या!"

ताईने ठरवून ठेवलं होतं: सांगायचं ते इथेच. इथून त्याला पळता येणार नाही, आणि आपल्यालाही. पाळणा वर जाऊन थांबला, तेव्हा ती बोलली.

"पिल्लू, आता तू एका मोठ्या घरी राहायचं. तिथे बाग आहे. मित्र आहेत."

"तू पण."

"मी रविवारी येणार."

त्याने विचार केला. "माझ्या खोलीत कोण झोपणार?"

"दुसरे दोघं आहेत. चांगले आहेत."

"तू झोप."

"माझ्याने होत नाही रे आता," ती म्हणाली.

पिल्लूने तिच्या तोंडाकडे बघितलं. शब्दांपेक्षा तोंड त्याला लवकर कळायचं. तो ओरडला. काचेवर मुठी मारायला लागला, खोली डोलायला लागली, खालीवर किंकाळ्या सुरू झाल्या. ताईने त्याला मिठी मारली, तर त्याने तिला झटकलं. तिचा हात लोखंडी कठड्यावर आपटला.

खाली आल्यावर तो उतरेना. दोघा पहारेकऱ्यांनी त्याला खेचून काढलं आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पालथा दाबून धरला. लोक फोन काढून उभे होते. एक बाई आपल्या मुलीचे डोळे झाकत म्हणाली, "अशांना आणतात कशाला?"

"सोडा त्याला, श्वास कोंडेल!" ताई ओरडत होती, एक हात दुसऱ्या हाताने सांभाळत. "माझी चूक आहे! मी सांगितलं त्याला! मी!"

कुणालाच काही उमगलं नाही.

पार्कच्या दवाखान्यात तिच्या मनगटाला फळी बांधली. पिल्लू भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या गालाला खडी रुतली होती. परतीला चादरींची गाडीच होती, पण यावेळी मळक्या चादरींची. तो त्यांच्यावर आडवा झाला नाही. दाराशी उकिडवा बसून राहिला. सगळा रस्ता ताई काहीबाही बोलत राहिली.

महिना लागला आणि ती त्याला सोडून आली. तो मुकाट्याने आत गेला. त्याने दंगा केला असता तर बरं झालं असतं, असं तिला परतताना बसमध्ये वाटलं.

पहिल्या रविवारी त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्याही. ताई बाकावर बसायची, तो बागेच्या टोकाला. बाई म्हणायच्या, "जेवतो नीट, झोपतोही. तुम्ही आलात, की मात्र असा होतो." एकदा तर आडून सुचवलंही, की थोडे दिवस आला नाहीत तरी चालेल. ताई म्हणाली, "मी रविवारी येईन असं सांगितलंय त्याला," आणि येत राहिली.

बऱ्याच महिन्यांनी, हवा गारठलेली असताना, तो बाकापर्यंत आला. बसला नाही. नेहमी ती त्याला विचारायची, ते त्याने तिला विचारलं.

"जेवलीस?"

"हो," ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

त्याने मान हलवली, तिच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे थोडा वेळ बघितलं, आणि आत निघून गेला. ताई जरा वेळ तिथेच बसली. मग खुबा सांभाळत उठली आणि बस चुकायच्या आत फाटकाकडे निघाली.