दाजींची जोडी

पटाबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि कुणी विचारली नाहीत तरी मी ती सांगते. आमच्या हिंगोलीकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, नुसतं पट म्हटलं तरी चालतं. तर पहिलं मत असं की ज्या पटाला मांडव घालून त्यात सोफे मांडलेत, तिथे जाऊच नये. दुपारपर्यंत माणसांचे सत्कार चालतात आणि बैल उन्हात उभे. दुसरं, पट बघावा तर काळ्या रानातला. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून, ढेकळं फोडून, पाणी मारून सरळ केलेली पट्टी, दोन्ही अंगाने बांधलेल्या दोऱ्या, आणि शेवटाला बैलांना थांबायला मोकळं रान. मुरमाड जमिनीवरच्या पटाला मी पट मानत नाही. आणि तिसरं, जो पराणी टोचून बैल पळवतो त्याला स्वतःला जुंपावं आणि मागे त्याच्या बायकोला बसवावं. हे मत मी एकदा लग्नाच्या पंगतीत मोठ्याने सांगितलं, तर समोरचा माणूस जिलबी टाकून उठला.

लाऊडस्पीकरवर बोलणाऱ्याबद्दलही मत आहे, पण ते ओघात येईलच.

माझ्या लेखी सगळ्यात भारी पट माझ्या मामाच्या गावचा. कळमनुरीच्या पुढे, माळाच्या पायथ्याला गाव. संक्रांत झाली की तिथे पट भरायचा. एका वेळी एकच जोडी सुटायची. मागे छकडी, म्हणजे दोन चाकं आणि त्यावर माणूस बसेल न बसेल एवढी फळी. त्या फळीवर हाकणारा, त्याला धुरकरी म्हणायचे. या टोकाला झेंडी पडली की त्या टोकाला घड्याळ. जोडी पोचली की लाऊडस्पीकरवर मालकाचं नाव, गावाचं नाव आणि वेळ पुकारली जायची. हे पुकारणं म्हणजेच खरा मान. बक्षीस कुणाला आठवत नसे, पुकारलेलं नाव मात्र पुढच्या संक्रांतीपर्यंत पारावर टिकायचं.

आमचं गाव वसमतच्या बाजूला, हळदीचं. हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होती आणि मी चौथी-पाचवीत होते. बाबांकडे लाल कंधारी जातीची जोडी होती. एक बैल जरा गडद, एक जरा फिका, बाकी दोघे सारखेच हट्टी. बाबांची एकच इच्छा होती. सासुरवाडीच्या पटात आपलं नाव आणि आपलं गाव लाऊडस्पीकरवर पुकारलं जावं. माझ्या तिन्ही मामांच्या कानावर ते पडावं, आजोबांच्या कानावर पडावं, आणि जमलं तर ज्या मावशीने लग्नात ‘पोरगा बारीकच आहे’ म्हटलं होतं तिच्याही कानावर पडावं.

अडचण एवढीच होती की बैल बाबांचे होते, पण बाबांच्या ऐकण्यातले नव्हते. वासरं असल्यापासून त्यांना आईने वाढवलं होतं. गोठ्यात ती, पाण्यावर ती, कोळपणीला डवऱ्यापुढे ती. संध्याकाळी सरकीच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, टोपली घेऊन ती दारात उभी राहायची आणि हाक मारायची, “ये रे लेकराऽ, ये ये ये!” की दोघे रानाच्या त्या टोकावरून असे उधळत यायचे की आम्ही पोरं ओसरीवर चढून बसायचो. आम्हाला हाक मारताना तिच्या आवाजात तेवढा लाड नसायचा, हे मी तेव्हाही बोलून दाखवायचे.

पहिल्या वर्षी बाबांनी जोडी पटात उतरवली ती या कशाचाच विचार न करता. आई बायकांबरोबर पट्टीच्या मध्यावर, दोरीबाहेर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली होती, मी तिच्या शेजारी. जोडी सुटली, छान सुटली. आईला आनंद मावेना. ती ट्रॉलीत उभी राहिली आणि सवयीने ओरडली, “ये रे लेकराऽ!” बैल आले. दोरी तोडून, बाबांना घेऊन, थेट ट्रॉलीपाशी आले आणि आईच्या पदरात तोंड घालून ढेप शोधायला लागले. बायकांनी ज्या किंकाळ्या मारल्या त्यातल्या निम्म्या हसण्याच्या होत्या. बाबा छकडीवर बसूनच होते, समोर बघत, जणू आपल्याला इथेच यायचं होतं.

पुढचं वर्षभर मामांनी त्यांना सोडलं नाही. दिवाळीला धाकटा मामा आला तो दारातूनच म्हणाला, “दाजी, यंदा बैल काहून आणायचे? आक्कालाच जुंपा की, बराबर पळतील!” बाबा हसले. मग जेवताना, भाकरीचा तुकडा हातात धरून, कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, “यंदा शेवटचं. यंदा नाव पुकारलं न्हाई, तर छकडी मोडून सरपण करतो.” आणि ते बोलले की करायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी आधी आईशिवाय सराव करून पाहिला. बैल सासऱ्याच्या मागे निघालेल्या नव्या सुनेसारखे चालायचे, खाली मान घालून, अजिबात घाई न करता. आठवडाभर हा प्रकार चालला. शेवटी एका सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटत असताना बाबा आईपाशी येऊन उभे राहिले, उगाच काटक्या सारल्या आणि म्हणाले, “तू उभी राहतीस का त्या टोकाला?”

“मी? पटात? बाया उभ्या राहतेत का तिथं?”

“न्हाई राहत. तू राहा.”

आईने चुलीत फुंकर घातली. धुरात तिचं तोंड दिसलं नाही, पण ती हसत होती, हे मी शपथेवर सांगते.

मग जो सराव सुरू झाला त्याला तोड नाही. बाबांच्या गळ्यात लाल दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, असायची. रानाच्या या टोकाला ते छकडीवर बसायचे, दस्ती काढून हवेत झटकायचे. त्या टोकाला आई ते बघून हाक मारायची. बैल सुटायचे. बाबा पहिले काही दिवस पडायचेच, मग धरून बसायला शिकले. आई प्रत्येक वेळी दोघांपुढे टोपली ठेवायची, एकदाही चुकवायची नाही. मी बांधावर उड्या मारून घसा बसवून घ्यायचे. रानातल्या कामांच्या धबडग्यात ते दोघे असे वेड्यासारखे खेळताहेत, हे बघून मला आपल्या घरात कायम जत्राच असावी असं वाटायचं.

संक्रांत झाली. बैल टेम्पोतून गेले, त्यांच्याबरोबर बाबा. आई आणि मी एसटीने, मांडीवर ढेपेची टोपली. कंडक्टरने तिचंही तिकीट काढायचं का म्हणून विचारलं. आई म्हणाली, “हिच्यावाचून गाडी पळायची न्हाई.”

बाई पटाच्या शेवटाला उभी राहणार म्हटल्यावर पंचांत कुजबुज झाली. थोरल्या मामाने मिटवलं. म्हणाला, “आमची आक्का हाय. उभी राहील एका बाजूला. कुणाला तकलीफ?” कुणालाच नव्हती. उलट गर्दी त्याच टोकाला सरकली, कारण मागच्या वर्षीचं कुणी विसरलं नव्हतं.

आता लाऊडस्पीकरवाल्याबद्दलचं माझं मत. पट अर्धा बैलांचा असतो आणि अर्धा त्याचा. मामाच्या गावचा बोलणारा शाळेत शिपाई होता आणि त्याचा आवाज ऐकून मेलेला माणूस उठून टाळ्या वाजवेल. त्याने बाबांची जोडी सुटायच्या जागी उभी राहिल्याचं सांगितलं आणि आमच्या टोकाला सगळे गप्प झाले. आई टोपली कमरेवर धरून उभी, मी तिच्या पदराला धरून.

लांबवर बाबा दिसत होते. ते अजून छकडीवर बसले नव्हते. शेजारी उभे राहून जू तपासत होते. ऊन चढलं होतं. त्यांनी गळ्यातली लाल दस्ती काढली, कपाळ पुसलं, आणि घाम झटकायला ती हवेत झटकली.

“ये रे लेकराऽ, ये ये ये!”

झेंडीवाल्याची झेंडी हातातच राहिली. बैल सुटले. छकडी रिकामी, मागे धूळ, आणि धुळीच्या मागे बाबा, एका हातात दस्ती, दुसऱ्या हाताने धोतर धरून, जिवाच्या आकांताने पळत. तसे पळणारे बैल मी त्यानंतर आजवर पाहिले नाहीत. पाय जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं. घड्याळवाल्याने सवयीने घड्याळ दाबलं, पुन्हा दाबलं, आणि आकडा बघून त्याने शेजाऱ्याला दाखवला. त्या दिवशीच्या कुठल्याच जोडीने तेवढ्या कमी वेळात पट संपवला नव्हता. गर्दी नाचत होती. मीही नाचत होते. बैल आईपुढे येऊन थांबले, धापा टाकत, नाकपुड्या फुलवून.

पण धुरकरी नसला तर वेळ धरत नाहीत. तो नियमच आहे आणि बरोबरच आहे, हेही माझं मत. पंच एकत्र झाले. बरंच डोकं खाजवून त्यांनी ठरवलं की माणूस गावचा जावई आहे, चूक बैलांची नाही, तर एक डाव पुन्हा द्यावा. धाकटा मामा धावत आला.

“आक्का, टोपली मागं घे! दाजीला परत सुटायचंय. आता खाल्लं तर पळतेत का ते?”

आईने तोवर बैलांना दम खाऊ दिला होता आणि टोपली खाली ठेवायला वाकली होती. ती तशीच थांबली.

“बोलावलंय मी त्यांला,” ती म्हणाली.

“अगं, दोन घटका थांब. मग दे की!”

“आले ना ते? आल्यावर न्हाई कसं म्हणू?”

एवढ्यात बाबा पोचले. त्यांना बोलता येत नव्हतं. छाती भात्यासारखी हलत होती, मिशीत माती होती. मामाने त्यांना पंचांचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटलं. वेळ तर सगळ्यांनी पाहिलीच होती. पुन्हा तसं पळाले की नाव पुकारलं जाणार, यात कुणाला शंका नव्हती. मी मनात म्हणत होते, घ्या ना बाबा टोपली मागे, घ्या ना. त्या क्षणी मला आईचा इतका राग आला होता की तिचा पदर मी सोडून दिला.

आईने टोपली बाबांच्या हातात दिली.

“तुमीच सांगा. देऊ का नको?”

बाबांनी बैलांकडे पाहिलं. दोघांनी माना लांब केल्या होत्या. फिक्याने तर टोपलीच्या काठाला जीभही लावली होती. बाबा चवड्यावर बसले आणि टोपली दोघांच्या मध्ये ठेवली.

मामाने कपाळावर हात मारला. बैल खायला लागले. आणि ते पट्टीचा शेवट अडवून उभे होते, कुणी हलवलं तरी हलेनात. तिकडे पुढची जोडी झेंडीशी येऊन थांबली होती. लाऊडस्पीकर खरखरला.

“दाजीऽ! ओ दाजी! जेवणं आटोपा, पट खोळंबला!”

माळापर्यंत हशा गेला. आजोबा हसले, मावशी हसली, पंच हसले. बाबांनी मान वर केली. मला वाटलं, आता ते उठतील, बैलांना ओढतील. त्यांनी तोंडाशी हात धरला आणि साऱ्या सासुरवाडीला ऐकू जाईल असं ओरडले,

“थांबा जरा! खाऊन राहिलेत ते!”