फजलदादचा हात

नाथाजीला स्वतःचं नाव सांगता येत नसे. बाकीचे शब्द ढकलत ढकलत बाहेर यायचे, पण ‘ना’वर आला की जीभ चिखलातल्या चाकासारखी रुतून बसायची. कराडजवळ मलकापूरच्या शिवारात त्यांचा उसाचा मळा होता. थोरला भाऊ मानसिंग शेती बघायचा, आई मनुबाई घर बघायची. नाथाजीने तोंड उघडलं की मानसिंग त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा. त्यात दुष्टावा नव्हता, घाई होती. फक्त ते वाक्य बहुतेक वेळा नाथाजीच्या मनातलं नसायचं.

लढाईच्या दिवसांत भरतीवाले आले, तेव्हा त्यांनी त्याची छाती मोजली, दात बघितले आणि घेतलं. शाळा पाचवीपर्यंत झाली होती, इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती, म्हणून त्याला सिग्नलच्या शिक्षणासाठी जबलपूरला धाडलं. तिथं त्याच्या हाताखाली पहिल्यांदा तारेचा खटका आला. खटका क्षणभर दाबला की टिंब, जरा जास्त वेळ दाबला की रेघ. टिंबं आणि रेघांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. पंधरवडा गेला असेल नसेल, नाथाजीच्या ध्यानात आलं की आपलं बोट अडखळत नाही. ‘ना’ तर इतका सहज निघायचा की तो रिकाम्या वेळी बाकावर बोटाने नुसतं आपलं नाव वाजवत बसायचा.

त्याच्या शेजारच्या बाकावर पंजाबातल्या झेलमकडचा फजलदाद होता. पुढे ब्रह्मदेशात दोघांना एकाच तुकडीत घातलं. दोन टेकड्यांवर दोन ठाणी, मध्ये जंगल, आणि कामाचे निरोप संपले की दोघांच्या गप्पा. तारेवर काम करणाऱ्या प्रत्येकाची वाजवण्याची एक ढब असते, त्याला ते लोक ‘हात’ म्हणतात. फजलदाद प्रत्येक वाक्याची शेवटची रेघ लांबवायचा, रानातून कुणाला हाक मारताना शेवटचा सूर ओढावा तशी. समोरासमोर भेटले की तो हसून म्हणायचा, “नाथे, मुँह से तू गूँगा, और हाथ से तेरी ज़बान रुकती नहीं!”

लढाई संपली. फजलदाद झेलमला गेला, नाथाजी मळ्यात आला. आल्या वर्षीच मानसिंगने त्याला शिराळ्याला मुलगी बघायला नेलं. मुलीच्या मामाने पानाचं तबक पुढं सरकवत विचारलं, “पावनं, नाव काय म्हनायचं?”

“ना... ना...”

“नाथाजी,” मानसिंग म्हणाला. “फौजंत नाईक हुता, सिग्नलला.”

“आवं, त्येंस्नी बोलू द्या की जरा.”

नाथाजीने पुन्हा जोर केला. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आतल्या खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती पोरगी होती की तिची मैत्रीण, कोण जाणे. परतताना मानसिंग झपाझप पुढं चालत होता. मग म्हणाला, “जाऊ दे रं. दुसरीकडं बघू.”

“न... नको,” नाथाजी म्हणाला. हे वाक्य मात्र भावाने त्याला पुरं करू दिलं.

त्यानंतर तो सांगलीला आला. हळदीच्या पेठेतल्या रायगोंडा नावाच्या जैन व्यापाऱ्याने रेडिओ विकायला सुरुवात केली होती. सेट बिघडला की मुंबईला पाठवावा लागे. फौजेतून आलेला, तारा जोडणारा माणूस त्याला हवाच होता. विश्रामबागेत त्याच्या मोकळ्या जागेवर पत्र्याची एक खोली होती, ती त्याने नाथाजीला राहायला दिली. तेव्हा विश्रामबागेत कॉलेज आणि तुरळक बंगले सोडले तर सगळं माळरानच. नाथाजीने रेडिओ दुरुस्त करता करता फौजेने मोडीत काढलेलं सामान पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं आणि स्वतःचा निरोप पाठवायचा सेट बांधला. सरकारी परीक्षा दिली, परवाना मिळवला. परीक्षा तोंडी नव्हती, हे त्याचं नशीब. दोन कडुलिंबांच्या मध्ये त्याने एरियलची तार ताणली. जगभरात असे हौशी लोक घरी सेट बांधून एकमेकांशी बोलतात, हे त्याला फौजेतल्या एका गोऱ्या सार्जंटकडून कळलं होतं.

रायगोंडाची आई आक्काताई शेजारच्या घरात राहायची. दिवस मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत, म्हणून ती ऊन असतानाच नाथाजीचं ताट घेऊन यायची. “ऊन हाय तवर खाऊन घे, बाळ,” एवढंच म्हणायची आणि उंबऱ्यावर बसायची. नाथाजी फारसा बोलत नसे, तीही नसे.

अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर अशा हौशी लोकांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. शनिवार-रविवार, दोन दिवस. नियम सोपा होता. जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा. समोरच्याचा आवाज कितपत स्वच्छ येतो त्याचा आकडा द्यायचा, आपल्या विभागाचा आकडा द्यायचा, त्याचे घ्यायचे, की झालं. नाथाजी महिनाभर वाट बघत होता. आकड्यांसाठी नव्हे. त्याच्या मनात असं होतं की एकाच वेळी एवढी माणसं बोलायला बसणार, त्यांत कुणीतरी आपल्याशी बोलेल.

शनिवारी उजाडताच त्याने हेडफोन चढवले आणि खटक्यावर हाक दिली. ती संपते न संपते तोच पाच-सहा जण एकदम त्याच्यावर तुटून पडले. हिंदुस्थानातून बोलणारे त्या वेळी मूठभर होते, त्यामुळे जो तो त्याच्यामागे. ऑस्ट्रेलिया, मग जपानातले अमेरिकन, दुपारनंतर रशिया, स्वीडन, इटली. नाथाजीला घाम फुटला. जन्मात कधी त्याच्या उत्तराची इतक्या माणसांनी वाट पाहिली नव्हती.

आक्काताई ताट घेऊन आली तेव्हा तो फिनलंडच्या एका माणसाशी जोडला गेला होता. आकडे देऊन-घेऊन झाले. नाथाजीने पुढे जोडलं : इथं पाऊस संपला आहे, आभाळ मोकळं झालंय, तुमच्याकडे बर्फ पडलं का? पलीकडून ‘७३’ आलं. त्यांच्या भाषेत ७३ म्हणजे रामराम. आणि तो माणूस दुसऱ्याला हाका मारायला लागला.

“कुनाशी बोलतुयास?” आक्काताईने विचारलं.

“फि... फिनलंड. लय लांब.”

“काय म्हंतोय?”

“क... काय न्हाई. आकडा.”

दुसऱ्या दिवशीही तेच. हाक, आकडा, रामराम. त्याच्या लक्षात येत गेलं की ही माणसं त्याला शोधत नव्हती, त्याच्या देशाला शोधत होती. तो देश त्यांच्या पानावर एकदा चढला की नाथाजीचं काम संपत होतं. यात त्यांची चूक नव्हती, स्पर्धाच तशी होती. पण शिराळ्याच्या ओसरीवर नाही वाटलं एवढं एकटं त्याला त्या गर्दीत वाटलं. तरी तो थांबला नाही. संपर्कांची यादी भरत होती, आणि रविवारी दुपारपर्यंत ती चांगलीच भरली होती.

उन्हं कलली तेव्हा एक बारीक आवाज आला. पाकिस्तानातलं कुणीतरी होतं. वाक्य संपलं, आणि शेवटची रेघ लांबली.

नाथाजीचा हात खटक्यावरच राहिला.

त्या माणसाने पुन्हा हाक दिली. पुन्हा तसाच ओढलेला सूर. नाथाजीने आकडा दिलाच नाही. त्याने इंग्रजी अक्षरांत, त्यांच्या फौजी हिंदुस्तानीत विचारलं : “फजलदाद? मी नाथा.”

मग उत्तर आलं : “मी फजलदाद नाही. माझं नाव करमइलाही. फजलदाद माझे उस्ताद होते. त्यांना ओळखता?”

“होते” हा शब्द नाथाजीने ऐकला. अक्षरं एकेक करून येतात, त्यामुळे तो शब्द त्याला हळूहळू कळला.

त्याच्या कानात दुसरेही आवाज घुसत होते. स्पर्धक त्याला हाका मारत होते, एक तर अगदी मोठ्याने ओरडत होता. नाथाजीने कुणाकडे लक्ष दिलं नाही. करमइलाही तुकड्या-तुकड्याने सांगत होता. लढाईहून आल्यावर फजलदादने गावातल्या तरुणांना तार शिकवायला घेतली होती. गेल्या साली दंगे उसळले. शेजारी एक शीख कुटुंब होतं. त्यांना छावणीपर्यंत पोचवायला तो त्यांच्या बैलगाडीबरोबर चालत गेला. कुटुंब पोचलं. फजलदाद परतीच्या वाटेवर मारला गेला. कुणी मारलं ते कुणी सांगत नाही.

नाथाजीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. पलीकडच्याला वाटलं, आवाज तुटला.

“आहात का?”

“आहे.”

“उस्ताद एका मराठ्याची गोष्ट सांगायचे. तोंडाने मुका, हाताने बोलायला लागला की थांबायचा नाही. आम्हाला वाटायचं, बनवून सांगतात.”

“बनवून नाही,” नाथाजीने पाठवलं. मग : “काहीतरी बोल. काहीही.”

त्या तरुणाला काय सुचलं असेल ते असो. त्याने घरची म्हैस, अंगणातलं बोरीचं झाड, अशा साध्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती रेघ लांबत गेली. नाथाजी डोळे मिटून ऐकत होता. हळूहळू आवाज बारीक झाला. संध्याकाळी या लहरी अशाच विरतात. ‘पुढच्या रविवारी’ एवढं ऐकू आलं, मग खरखर.

त्याने हेडफोन काढले. स्पर्धेचे अजून बरेच तास उरले होते. त्याने सेट बंद केला.

उंबऱ्यावर आक्काताई बसली होती. ताट कधीचं गार झालं होतं. “काय झालं रं, बाळ?” तिने विचारलं.

नाथाजीने सांगायला सुरुवात केली. फजलदादच्या ‘फ’वर तो अडकला, झेलमवर अडकला, बैलगाडीवर अडकला. बाहेर अंधारून आलं तरी गोष्ट संपेना. आक्काताईने एकदाही त्याचा शब्द पुरा केला नाही. तिने विळी-खुरप्याने खरखरीत झालेले हात मांडीवर ठेवले होते, आणि ती शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

पुढच्या रविवारी करमइलाहीने फजलदादच्या आईला सेटजवळ आणून बसवलं. तिला त्या टिंबा-रेघांच्या कडकट्टातलं काही कळत नव्हतं. करमइलाही तिचं बोलणं पाठवायचा आणि नाथाजीचं तिला सांगायचा. तिने मरणाबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, “लढाईत माझ्या पोराला जेवायला कोण घालायचं?”

नाथाजीने सांगितलं, ठाण्यांवरून खाली तळावर आलो की आम्ही दोघं मिळून करायचो. रोट्या तो भाजायचा आणि जाळायचा. जळक्या आपल्याकडे घ्यायचा, बऱ्या मला द्यायचा. एकदा पावसात लाकूड पेटेना तर त्याने स्वतःच्या पेटीची फळी काढून जाळली होती.

पलीकडून उत्तर आलं : “अम्मा हसते आहे. म्हणते, घरी पण जाळायचा.”

असे तीन-चार रविवार झाले. मग करमइलाहीला रेल्वेत तारमास्तरची नोकरी लागली आणि तो क्वेट्ट्याकडे कुठे तरी गेला. शेवटच्या दिवशी त्याने घाईतच निरोप घेतला. नंतरही नाथाजीने पुष्कळ रविवार रेडिओवरची ती जागा ऐकून पाहिली. तिथं दुसरी माणसं होती.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात स्पर्धेचा निकाल परदेशी मासिकात छापून आला. रायगोंडाने तो मोठ्या कौतुकाने दुकानात आणून वाचला. नाथाजीचा नंबर बराच खाली होता. “अर्ध्यावर सोडलंस म्हनून, न्हाईतर वर असतास,” रायगोंडा म्हणाला.

“व्हय,” नाथाजी म्हणाला, आणि समोरच्या सेटचा जळका दिवा बदलायला लागला.

त्या आठवड्यात तो दोन दिवसांची रजा काढून मळ्यात गेला. उसाला पाणी चाललं होतं. मानसिंग दारं मोडून पाणी एका सरीतून दुसरीत वळवत होता, नाथाजी खाली उतरून दुसऱ्या सरीला उभा राहिला. पाणी सरीच्या टोकाला पोचलं तेव्हा नाथाजी म्हणाला, “पा... पानी आलं,” आणि मानसिंग फावडं टेकवून त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबला.