डिमीटर काही पंधराची होईना

आधी चहा ओतून घ्या. कारण हे ऐकताना तुम्ही मधेच विचारणार, "अगं, पण तू असं केलंस कशाला?" आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. असतं तर केलं असतं का?

सगळ्याचं मूळ आमच्या फ्रिजवर होतं. चुंबकाखाली. ऋचाच्या, म्हणजे माझ्या आठवीतल्या लेकीच्या, सहलीचं संमतीपत्र. दोन दिवस, एक मुक्काम, लोणार. पालकांची सही. ते पत्र अकरा दिवस तिथं लटकलं होतं. रोज सकाळी दूध काढताना मी त्याच्याकडं बघायचे आणि ते माझ्याकडं.

आता तुम्हीच सांगा, सहल कुठं न्यावी? वेरूळ आहे, दौलताबाद आहे, संध्याकाळी पोरं घरी. यांनी कुठं न्यावी? आभाळातून दगड पडून झालेल्या खड्ड्याकडं! भूगोलाच्या बाईंनी मला फोनवर समजावलं, "मॅडम, ते हजारो वर्षांपूर्वी पडलं. आता काही पडत नाही." म्हटलं, पहिल्या वेळी तरी त्यानं आधी कळवलं होतं का?

"मम्मी, सही," ऋचा म्हणायची.

"बघू."

"शिफाच्या अम्मीनं पण केली."

"बघू म्हटलं ना!"

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या वाचक मंडळाला कथावाचनाची हुक्की आली. चिकलठाण्याला आमची कॉलनी नवी, त्यामुळं मंडळालाही नवीन काहीतरी करायचं असतं. विषय काय, तर ग्रीक देवींना पंधरा वर्षांच्या नायिका करून गोष्ट लिहा. म्हणे हल्लीच्या पोरी असलंच वाचतात. वाचतात हे खरं. ऋचाच्या कपाटात तसल्या पुस्तकांची चळत आहे, तिच्यावरची धूळ मीच पुसते. आणि मी मराठीची एम.ए. माझी पदवी इतकी वर्षं डब्यात पोळ्या भरून राहिली होती. मला चेव आला.

ऋचाकडून माहिती काढली आणि देवी एकेक करून दहावी ब मध्ये बसवल्या. अथेना बुद्धीची देवी, ती पहिल्या बाकावर, कुणालाही वही न देणारी. आर्टेमिस शिकारीची, तिला कबड्डीच्या संघात घेतली. अ‍ॅफ्रोडाइटी सौंदर्याची, ती मधल्या सुट्टीत रील करते. हेरा देवांची राणी, म्हणजे अर्थातच मॉनिटर, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी. काय भराभर जमत होतं म्हणून सांगू!

राहिली डिमीटर. धान्याची देवी. नियमानं तीही पंधराची व्हायला हवी. मी तिला गणवेश घातला, दोन वेण्या घातल्या, तिसऱ्या बाकावर बसवली. तर बसल्या बसल्या तिनं शेजारणीला विचारलं, "डबा संपवलास का?" खोडलं. पुन्हा लिहिलं. तर ती आर्टेमिसला म्हणाली, "घामाच्या अंगानं पंख्याखाली बसू नको." तीनदा कागद फाडला. डिमीटर काही पंधराची होईना! शेवटी म्हटलं, राहू दे बाई, तू आईच राहा. आणि खरं तर तिची गोष्टच आईची आहे.

तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. डिमीटरची लेक पर्सेफनी फुलं तोडायला जाते. जमीन दुभंगते, पाताळाचा राजा हेडीस काळ्या रथातून वर येतो आणि तिला उचलून नेतो. आई वेडीपिशी होते, जगात एक पीक उगवू देत नाही. शेवटी देव मध्ये पडतात, पोरगी सुटते. पण तोवर हेडीसनं तिला डाळिंबाचे दाणे चारलेले असतात. पाताळात जाऊन जो खातो तो पाताळाचा होतो, असा नियम. म्हणून मग काही महिने आईकडं, काही महिने तिकडं.

ऋचाच्या तोंडून हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पोरगी. सहल. जमिनीतला खड्डा! म्हटलं, ही गोष्ट मला लिहायचीच आहे. लोक रडले पाहिजेत.

माझी डिमीटर पर्सेफनीला म्हणते, "फुलं काय तोडायला जायचं? फुलं तर मंडईत मिळतात." ती रोज शाळेच्या ऑफिसात फोन करून विचारते, "पोरीनं स्वेटर घातलाय का?" लेक पाताळात गेल्यावर थेट हेडीसला फोन लावते, "ती जेवली का? हातपाय धुऊन जेवली का?" आणि हेडीसच्या काळ्या जीपमागं, म्हणजे माझ्या गोष्टीतल्या रथामागं, धावताना ओरडते, "पोचलीस की मिस कॉल दे गं!" हे वाक्य लिहिताना मी स्वतः डोळे पुसले. खोटं सांगत नाही.

वाचनाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सासूबाई, शेजारी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नसीमभाभी, म्हणजे शिफाची अम्मी, मोबाइल उभा धरून रेकॉर्डिंग करत. मी 'पर्सेफनी, दहावी ब' वाचायला लागले. दुसऱ्याच पानावर बघते तर बायकांनी तोंडाला पदर लावलेले. खांदे हलतायत. मला वाटलं, रडतायत! मी आवाज आणखी कापरा केला. हातपाय धुण्याच्या वाक्याला मागून एक हुंदका आला. मिस कॉलला तर एक आजोबा खुर्चीवरून घसरले.

ते हसत होते हो! सगळा हॉल हसत होता.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझा हात हातात घेतला. "वैशाली, त्या पोरींचं ठीक आहे गं, पण ती आई! इतकी विनोदी खलनायिका मी वाचली नव्हती. असली बाई सुचते कशी तुला?"

मी म्हटलं, "थँक्यू."

दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर सासूबाई ताटावर बसेनात. "मला काय, वरणाचं पाणी दिलं तरी चालेल. माझा मुलगा चाळिशीला आला तरी मी त्याला कंपनीतली पाळी सुटली की फोन करून 'जेवलास का' विचारते. ते भर हॉलमध्ये वाचायचं होतं, तर निदान पहिल्या रांगेत बसवायचं नव्हतं."

मी घाबरले. घाबरले की माझं तोंड माझ्या आधी धावतं. म्हटलं, "अहो आई, तुम्ही नाही हो त्या! ती... ती नसीमभाभी आहे. रोज शाळेत फोन करत नाहीत का त्या?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. दोन पोळ्या जास्त जेवल्या.

दुसऱ्या दिवशी नसीमभाभींनी वाटी परत पाठवली. रिकामी! आमच्या दोन घरांत सहा वर्षांत वाटी कधी रिकामी गेली नाही की आली नाही. माझी आमटी गेली की त्यांचा शीरखुर्मा येतो, काही नसलं तर निदान चार खजूर. रिकामी वाटी म्हणजे सरळ युद्ध. मी पळत गेले.

"क्या जी वैशाली," त्या दारातूनच म्हणाल्या, "स्वेटर का मैं पूछती, मेरेकू मालूम है. पूरी कालोनी कू बताना जरूरी था क्या?"

"भाभी, आईशप्पथ, तुम्ही नाही! ती माझी आई आहे. पिशोरची. ती तशीच आहे."

"तुमारी अम्मा?" त्यांनी गालाला हात लावला. "हाय अल्ला, बिचारी!" आणि लगेच मला आत घेऊन चहा पाजला. त्या प्रेमात एक गोष्ट सांगायला त्या विसरल्या, ती म्हणजे रेकॉर्डिंग त्यांनी कुणाकुणाला पाठवलं. तेवीस जणांना. त्यातलं एक फिरत फिरत कन्नड तालुक्यात, माझ्या माहेरी पिशोरला पोचलं.

संध्याकाळी मायचा फोन. माझी माय शब्द वाया घालवत नाही.

"ऐकलं म्या."

"काय गं?"

"फुलं मंडईत मिळतात म्हणं. तुला वेरूळच्या सहलीला सोडलं नव्हतं, तवा म्या म्हणले व्हते, लेणी काय बघायची, क्यालेंडरात दिसतात. लई वर्षं झाली त्याला. अजून ध्यानात ठिवलं व्हय?"

खरं सांगू? लिहिताना मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. पण ती म्हणाली आणि पोटात एकदम खड्डा पडला. लोणारएवढा.

आणि मी काय केलं? तोंड पुढं धावलंच. "माय, तू नाही गं! ती माझी सासू आहे!"

पलीकडून हळूच, "ईहीणबाई? अरारा. मी येते शनवारी."

बघा, इथं शहाण्या बाईनं सगळ्यांना खरं सांगितलं असतं. मी ओट्यावरची फरशी घासली.

शनिवारी माय एसटीनं आली, हुरड्याची पिशवी घेऊन. सासूबाईंनी स्वतः जाऊन नसीमभाभींना चहाला बोलावलं. का? दया आली म्हणून! तिघी माझ्या स्वयंपाकघरात, आणि मी गॅसपाशी पाठ करून उभी. असलं प्रेम मी जन्मात पाहिलं नाही. सासूबाई नसीमभाभींच्या बशीत बिस्किटं वाढतायत, नसीमभाभी मायला उशी देतायत, माय सासूबाईंना हुरडा चोळून देतेय.

शेवटी सासूबाईंना राहवेना. "नसीम, मनाला लावून घेऊ नका हो. ही काहीबाही लिहिते."

"मैं?" नसीमभाभी हसल्या. "मेरा क्या है जी. मैं तो बोलती, अम्मा ने दिल पे नक्को लेना."

"म्या काहून घेऊ?" माय म्हणाली. "घ्यायचं तं ईहीणबाईनं घ्यावं. पर त्या मोठ्या मनाच्या हायत."

चमचे थांबले.

मी मागं न वळता सांगू शकते, तिन्ही माना एकाच वेळी वळल्या. दूध उतू गेलं. मी त्याला जाऊ दिलं, कारण गॅस बंद केला असता तर वळावं लागलं असतं.

"वैशाली," सासूबाई म्हणाल्या. "कोण आहे ती बाई?"

"काल्पनिक आहे."

"मम्मी आहे," दारातून ऋचा म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली कुणाला ठाऊक. तिनं फ्रिजवरचं चुंबक काढलं, संमतीपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला तिघींना एवढंपण कळलं नाही? स्वेटर, जेवण, मिस कॉल, सगळं मम्मीच म्हणते. मला वाटलं, लिहिता लिहिता तिला कळेल. म्हणून तर मी तिला गोष्ट समजावून सांगितली. सोमवारी शेवटची तारीख आहे."

तेरा वर्षांच्या पोरीनं ग्रीक पुराण वापरून सही मागितली होती, आणि मी एम.ए. असून मला ते कळलं नव्हतं.

माझी खात्री होती, निदान माय माझी बाजू घेईल. तिनं पत्र चष्मा न लावता उलटसुलट पाहिलं. "तवा सही केली नाय म्या," ती म्हणाली. "तू दोन दिस जेवली नाय. म्या बी नाय जेवले. तुला म्हाईतच नाय. घे पेन."

नसीमभाभींनी पेन दिलं. सासूबाईंनी बोट ठेवून जागा दाखवली. तीन साक्षीदारांसमोर मी सही केली. लग्नाच्या रजिस्टरवर सही करतानासुद्धा एवढा पहारा नव्हता.

बरं, इथं संपायला हवं होतं. सगळे सुधारले, चहा प्या, घरी जा. पण मी आहे ना!

सहलीच्या सकाळी मी शहाण्यासारखी वागले. बसपाशी एकच सूचना दिली. एकच! बस हलली, मी हसून हात हलवला, घरी आले. ओट्यावर डबा. पहाटे उठून लेकीसाठी भरलेला. तो राहिला.

पुढच्या मिनिटाला मी स्कूटीवर, जालना रोडवर. विमानतळ मागं गेला, केंब्रिज चौक मागं गेला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी पिवळी बस दिसली. मी हॉर्न वाजवत तिच्या बरोबरीला आले आणि एका हातानं डबा हलवायला लागले. ड्रायव्हरला वाटलं, कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. बस थांबली. खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर. सर धावत उतरले, चेहरा पांढरा. "काय झालं मॅडम? घरी सगळं ठीक?"

"डबा," मी म्हटलं. "राहिला होता. डाळिंब. सोललेलं."

सरांनी एक मोठा श्वास घेतला, तो बहुतेक अजून सोडलेला नाही.

खिडकीतून ऋचा बघत होती. चिडली नव्हती, ते जास्त वाईट. "मम्मी," ती म्हणाली, "पाताळात जाणाऱ्या पोरीला डाळिंब कोण चारतं?"

नसीमभाभींच्या रेकॉर्डिंगनं बसलाही सोडलं नव्हतं. शिफानं सुरुवात केली आणि अख्खी बस ओरडायला लागली, "हे-डीस! हे-डीस!" बस निघाली. माझी लेक खिडकीतून माझ्याच आवाजात ओरडली, "घरी पोचलीस की मिस कॉल दे गं!"

डबा माझ्याच हातात राहिला.

मी रस्त्याच्या कडेला स्कूटीवर बसले आणि तो उघडला. डाळिंब गोड होतं. पंधरावीस दाणे खाऊन झाल्यावर नियम आठवला. जिथं जाऊन खाल्लं, तिथंच राहायचं! उगाच हसून स्टार्टर दाबला. एकदा. दोनदा. पेट्रोल संपलं होतं.

पंप कुठं दिसत नव्हता. नवरा तिथल्याच कंपनीत पहिल्या पाळीला, त्याचा फोन गेटवर जमा. घरी फोन करावा तर माय अजून गेली नव्हती, तिघी जणी हसायला टपून बसलेल्या. तासाभरानं मी गाडी ढकलत असताना सरांच्या नंबरवरून मेसेज आला: 'मम्मी, पोचलीस का? ऋचा.'

मी डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं, ओढणीनं तोंड पुसलं आणि घरी थाप मारणाऱ्या पोरीसारखं टाइप केलं: 'हो, कधीच पोचले. जेवतेय.'

डिमीटर एकदाची पंधराची झाली.