विटांवरचं डावं चाक

माझ्या वडिलांकडे एक जुनी कॅराव्हॅन आहे. जीपच्या मागे जोडून ओढायची, दोन चाकांवरची खोलीच म्हणा. मी शाळेत असताना बाबांनी ती कुठूनशी उचलून आणली आणि सांगलीच्या घरामागे उभी केली. आई आजही तिला 'सवत' म्हणते. इथे परदेशात, चोआ चू कांगला आमच्याकडे साधी सायकलसुद्धा नाही, सगळीकडे एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं जातो, आणि मला आठवण येते ती ग्रीसच्या वासाची. नवरा हसतो. हसू दे.

पावसाळा सरला की बाबा दोन्ही चाकं काढायचे. ब्रेकचे ड्रम पुसायचे, पॉलिश पेपरनं आतले ब्रेक-शू घासायचे, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन वाळवायचे आणि तळहातावर ग्रीस घेऊन त्यात दाबून दाबून भरायचे. मी वरवर फासलं की ओरडायचे, "लोणी लावतेस का पोळीला?" चाक परत बसवलं की काम दोघांचं. मी चाक फिरवायचे, ते कान लावून नट आवळायचे आणि चाक जड झालं की किंचित सैल सोडायचे. फार आवळलं तर बेअरिंग तापतं, सैल राहिलं तर चाक डुगडुगतं. मधली जागा त्यांना कानानं कळायची. एवढ्या वर्षांत मी नुसतं फिरवलं. पाना काही हातात मिळाला नाही.

गेल्या वर्षी ते फोनवर म्हणाले, "आता हात थरथरतो गं. या दसऱ्याला पाना तू धर."

मी चार दिवसांची रजा काढली, त्यातले दोन प्रवासातच जाणार होते. तिकीट काढताना कॅलेंडरात फक्त दसरा पाहिला, त्याच्या आदल्या दिवसाकडे लक्षच गेलं नाही. पोचले ती नेमकी खंडेनवमीला. सगळे पाने, जॅक, हातोडी पाटावर मांडलेली, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूची फुलं. एरवी देवापुढे हातही न जोडणारे बाबा त्या दिवशी हत्यारांना शिवू देईनात.

"वर्षभर राबतात. एक दिवस त्यांनाही रजा."

"आणि माझ्या रजेचं काय?" मी म्हटलं आणि तणतणत आत जाऊन बसले. पूर्ण दिवस फुकट घालवला. त्यांच्याशी धड बोललेही नाही, याचं अजून वाईट वाटतं.

दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत अकरा वाजले. उजवं चाक झालं. त्यांनी फिरवलं, मी आवळलं, आणि ती मधली जागा मला सापडली. डावं चाक उतरवलं तोवर विमानतळावर न्यायला टॅक्सी दारात. "राहू दे, पुढच्या दसऱ्याला," बाबा म्हणाले. ती बाजू विटांवर टेकवून मी निघाले.

यंदा दसऱ्याला रजाच मिळाली नाही.

गेल्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. आई डाव्या चाकाशी बसलेली, बाबा पाना घेऊन. "सगळं धुऊन, भरून बसवलंय. पण मला आता नीट ऐकू येत नाही. तू ऐक आणि सांग."

"जस्ट कॉल मेकॅनिक लाह," माझी लेक सोफ्यावरून इथल्या इंग्रजीत म्हणाली. तिला गप्प केलं, पंखा बंद केला, खिडकी लावली. आईनं चाक फिरवलं.

कुठे खरखर नाही. एकसारखं, मोकळं फिरत होतं. नट अगदी बरोबर बसला होता. हो म्हटलं असतं तर बाबांनी नट पक्का करणारी पिन घातली असती, विटा काढल्या असत्या, आणि तिथे माझी वाट बघणारं काम उरलं नसतं.

"घासतंय," मी म्हणाले. "राहू द्या बाबा. मी येते."

"कुठं घासतंय? छान फिरतंय की," आई म्हणाली.

बाबांनी पाना केव्हाच खाली ठेवला होता.

"घासतंय," ते म्हणाले. "मला ऐकू येतंय."