एकवीस पाकिटं, चव्वेचाळीस घरं

डॉक्टरांनी माझीच बातमी टेबलावर ठेवली. खालच्या चौकटीतल्या एका वाक्याखाली निळ्या पेनने रेघ मारली होती.

"हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, की कुणी सांगितलं म्हणून लिहिलंत?"

मी म्हणालो, तिथंच होतो.

"मग मला नीट सांगा. गोळ्या मोजल्या कुणी, आणि एका घराला किती दिल्या?"

मला वाटलं, एखादा आकडा चुकला असावा. वार्ताहराला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. या बातमीत आकडे बरोबर होते.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. औंढा तालुक्यात, शिरड शहापूरपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासावर असलेल्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. गावाचं नाव देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात, म्हणून त्यांची नावंही बदलली आहेत.

पंचायतीच्या जागा नऊ. गावाच्या दोन वॉर्डांत सहा आणि तीन किलोमीटरवरच्या बंजारा तांड्याच्या वॉर्डात तीन. गावात दोन पॅनेल होती. दोन्ही एकाच समाजाची, पण दोन भावक्यांची. गावातल्या सहा जागा तीन-तीन अशा वाटल्या जाणार, हे चहाच्या टपरीवरही सगळे धरून चालले होते. त्या काळी सरपंच निवडून आलेले सदस्य निवडत. म्हणजे तांड्याचे तिघे ज्याच्या बाजूला, सरपंच त्याचा. आणि तांडा कुणाच्या बाजूला, हे तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, सगळ्यांना बसवून एकदाच ठरवत असे. मतं सहसा फुटत नसत.

त्याच दिवसांत तांड्यावरच्या पोरांना खरूज झाली. पावसाळ्यात ती दरवर्षी होई, पण या वेळी चिघळली. खाजवून कातडी सोलली जाते, तिथून जंतू आत शिरतात, फोडात पू होतो, वर मधासारखी पिवळी खपली धरते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉ. सोळंके नर्सबाईंना घेऊन तांड्यावर जाऊन आले. चौदा घरांतली एकवीस मुलं त्यांनी यादीवर घेतली. खरजेचं लावायचं औषध सगळ्या घरांसाठी होतं. पू झालेल्यांना अँटिबायोटिकचा कोर्स होता. लहान मुलांच्या गोळ्या, दिवसातून तीन, सात दिवस. कंपाउंडरने प्रत्येक मुलाच्या नावाचं कागदी पाकीट केलं, एकात एकवीस गोळ्या.

पाकिटं तयार झाली तेव्हा केंद्राची गाडी बंद पडलेली होती आणि नर्सबाई लसीकरणाला दुसरीकडे गेल्या होत्या. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी चार दिवसांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. एका पॅनेलचे पुढारी बापूराव तिथंच बसलेले होते. ते म्हणाले, माझी जीप चाललीच आहे. डॉक्टरांनी पाकिटं दिली. आचारसंहिता त्यांना आठवली नाही असं नाही. पण फोड जास्त निकडीचे वाटले, असं ते पुढे मला म्हणाले.

रविवारी सकाळी बापूरावांनी मलाही जीपमध्ये घेतलं.

तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर माणसं जमली. बापूरावांनी यादी वाचायला घेतली. पाच-सहा नावं झाली असतील, तेवढ्यात सोमला नाईकने हात वर केला. साठीचा, उंच, शांत माणूस.

"चौदा घरं घेतील अन् तीस घरं बसून बघतील व्हय, बापूराव?"

बापूराव म्हणाले, यादी डॉक्टरची आहे.

"असंल. पर तांड्यात बाहेरून काही आलं की सगळ्या घरांचं येतं. शिकार असू द्या न्हाईतर सरकारचं गहू असू द्या. ही आमची रीत हाय."

बापूरावांनी जमलेल्यांकडे एकदा नजर फिरवली. मला वाटतं, त्यांनी घरं मोजली. मग यादी घडी करून खिशात घातली.

"मग तुमच्या रीतीनं होऊ द्या. आपल्याला कोणी नाराज नको."

पाकिटं फोडून गोळ्या एका परातीत ओतल्या. चारशे एक्केचाळीस. घरं चव्वेचाळीस. प्रत्येक घराला दहा-दहा. एक उरली, ती नाईकने रिकाम्या पाकिटात ठेवली. सगळं इतकं शिस्तीत झालं की मी भारावलो. कुणी पुढे घुसलं नाही, कुणी कुरबुर केली नाही. मी फोटो काढला. त्या दिवशी फॅक्स केलेल्या बातमीला चौकट जोडली. रेघांच्या आत छापलेला छोटा मजकूर म्हणजे चौकट, आणि चौकट हमखास वाचली जाते. मी लिहिलं होतं: 'तांड्याच्या रीतीप्रमाणे औषधाचे सर्व घरांना समान वाटप झाले.' रेघ मारली होती ती याच वाक्याखाली.

गुरुवारी डॉक्टर ट्रेनिंगहून परतले आणि पेपर चाळताना त्यांना तो फोटो दिसला.

त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. एका मुलाला एकवीस गोळ्या हव्या होत्या. मिळाल्या घराला दहा. ज्या घरात दोन मुलं आजारी, तिथं एकाला पाच. म्हणजे दोन दिवसही पूर्ण नाहीत.

"दोन दिवसांत फोड वाळतात," ते म्हणाले. "आईला वाटतं, बरं झालं. जंतू आतच असतो. काही मुलांमध्ये पुढे दोन-तीन आठवड्यांनी तो मूत्रपिंडावर निघतो. तोंडावर सूज येते, लघवी काळी होते."

"किती मुलांमध्ये?"

"थोड्याच. पण कोणत्या, ते आधी कळत नाही."

त्याच दुपारी आम्ही माझ्या मोटारसायकलवर तांड्यावर गेलो. पोरं अंगणात खेळत होती. खपल्या खरोखर वाळल्या होत्या. डॉक्टरांनी नाईकला सगळं समजावलं. गोळ्या पुन्हा आणतो, पण या वेळी यादीतल्या मुलांनाच, आणि नर्सबाईंच्या समोर. नाईकने पूर्ण ऐकून घेतलं.

"डाक्टर साहेब, पाच वर्षं आमच्या अंगाला काय झालं हे कोणी इचारलं न्हाई. इलेक्शन लागलं की गावाला आमची खरूज दिसती." तो हसला नाही. "मागच्या बारीला अशीच यादी आली होती. घरकुलाची. दहा नावं. त्या दहा घरांची मतं फुटली अन् तांड्याचा एक बी माणूस पंचायतीत गेला न्हाई. तुमची यादी खरी असंल. पर यादी म्हणजे तांडा फोडायचं हत्यार, हे आमी शिकलो."

डॉक्टरांनी विचारलं, मग पोरांचं काय?

"आणा गोळ्या. मी कोणाला जा म्हणणार न्हाई, अन् जाऊ नको बी म्हणणार न्हाई."

परतताना डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या बातमीने सगळ्यांना वाटतंय की औषध झालं. आता दुसरी बातमी तुम्हीच द्या.

मी त्या दिवशी कॉपी, म्हणजे छापायची बातमी, फॅक्स केली. कोर्स अपुरा राहिला आहे, मुलांना केंद्रात आणावं, एवढाच मजकूर. थोड्या वेळाने डेस्कवरून वृत्तसंपादकांचा फोन आला. डेस्क म्हणजे आलेल्या बातम्या तपासून छापायच्या की नाहीत हे ठरवणारी मंडळी.

"डॉक्टरचं आडनाव सोळंके. दुसऱ्या पॅनेलचा पुढारी कोण?"

"सोळंके. पण डॉक्टर लातूरकडचे आहेत. नातं नाही."

"तुम्हाला माहीत आहे. वाचकाला आडनाव दिसतं. बापूरावांनी वाटलेलं औषध कमी पडलं, असं एक सोळंके मतदानाच्या आधी म्हणतो. उद्या आपल्याकडे नोटीस येते."

"बापूरावांचं नाव काढून टाका."

"सोमवारी आपणच फोटोसकट छापलंय. मतदान होऊ द्या, मग घेऊ."

मी वाद घातला, पण फार नाही. त्यांचं म्हणणं धंद्याच्या नियमात बसत होतं.

शनिवारी नर्सबाई नव्या गोळ्या घेऊन तांड्यावरच्या शाळेच्या ओसरीत बसल्या. एकवीसपैकी नऊ मुलं आली. न आलेल्यांत सविता राठोड आणि तिचा धाकटा भाऊ होते. सविता सहा वर्षांची. तिचे वडील रामदास हे तांड्याच्या तीन उमेदवारांपैकी एक, बापूरावांच्या पॅनेलवर. नर्सबाई त्यांच्या दारात जाऊन आल्या. रामदास त्यांना म्हणाले ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"बाई, उमेदवाराच्या घरात दुसऱ्यांदा औषध गेलं, तर उद्या तांडा मला काय म्हणंल? इलेक्शन होऊ द्या. मग मीच घेऊन येतो लेकरांना."

डेस्क आणि उमेदवार, दोघांनी एकच मुदत मागितली होती.

पुढच्या रविवारी मतदान झालं. सोमवारी तहसीलमध्ये मतमोजणी. गावातल्या जागा तीन-तीन, तांड्याचे तिघेही बापूरावांचे. सहा विरुद्ध तीन. गुलाल उधळला आणि तिथूनच सहाही सदस्यांना जीपमध्ये बसवून बाहेर नेलं. याला आमच्याकडे 'सहल' म्हणतात. सरपंचाच्या निवडीपर्यंत कुणी फुटू नये म्हणून सदस्यांना लांब एखाद्या लॉजवर ठेवतात. घरीही ठिकाण सांगत नाहीत. मोबाइल तेव्हा आमच्या भागात नव्हते.

त्याच सकाळी सविताचं तोंड सुजलं होतं. आई शांताबाईला वाटलं, जागरणाने असेल. मंगळवारी पाय सुजले आणि लघवी चहाच्या पाण्यासारखी झाली. शांताबाई तिला पाठीवर घेऊन तीन किलोमीटर चालत आरोग्य केंद्रात आली. डॉक्टरांनी ब्लड प्रेशर मोजलं आणि तिथं न थांबवता आधी वसमतला, तिथून नांदेडला पाठवलं. शेजारची एक बाई सोबत होती. धाकट्या भावाला काही झालं नाही.

डॉक्टरांनी मला फोन केला तो एवढ्यासाठीच: मुलीचा बाप कुठे आहे? मला लॉज माहीत होता. बापूरावांनीच सांगितला होता, ऑफ द रेकॉर्ड, म्हणजे छापायचं नाही या बोलीवर. मी लॉजवर फोन लावला. मॅनेजर म्हणाला, निरोप देतो. तो त्याने कुणाला दिला, हे मला कळलं नाही. पुढे बापूराव म्हणाले, मला मिळाला नाही. मॅनेजर म्हणाला, दिला. दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे. कोणती, याचा पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून लिहीत नाही.

सविता बुधवारी दुपारी नांदेडच्या दवाखान्यात वारली. फुप्फुसात पाणी झालं होतं. रामदास सरपंचाच्या निवडीच्या दिवशी जीपमधून थेट पंचायतीत आले, बापूरावांसाठी हात वर केला, आणि मग त्यांना सांगण्यात आलं.

डेस्कने माझी आधीची कॉपी त्यानंतर छापली. एका कॉलमात, आतल्या पानावर, मृत्यूच्या दोन ओळी जोडून. 'उपचार सुरू असताना' हे शब्द माझे नव्हते.

मी डॉक्टरांना विचारलं, पूर्ण कोर्स मिळाला असता तर?

"तर ती वाचलीच असती, असं मी लिहून देणार नाही. औषध पूर्ण घेऊनही हे कधी कधी होतं." ते पुढे म्हणाले, "कोर्स मिळाला नाही, एवढं लिहून देतो."

महिन्याभरानंतर मी तांड्यावर गेलो. बातमीचं काम नव्हतं. रामदास कुणाशी बोलत नसत, माझ्याशीही बोलले नाहीत. नाईकने बसायला घोंगडं टाकलं, आत गेला आणि तंबाखूची पत्र्याची डबी घेऊन आला. झाकण काढून माझ्यापुढे धरली. आत गोळ्या होत्या. आधी मी त्या ओळखल्या नाहीत.

"माझ्या घरचा वाटा," तो म्हणाला. "माझ्या घरी लहान लेकरू न्हाई. दहा ह्या. अन् ती उरलेली एक."

मी मोजल्या. अकरा.

"अजून लई घरांत अशाच पडून हायेत. तीस घरं होती ना बिगर दुखण्याची." डबी त्याने माझ्या हातात दिली. "डाक्टरला वापस द्या. रीत चुकली असं मी म्हणणार न्हाई, साहेब. रीत न्हाई राहिली तर तांडा बी न्हाई राहणार. पर त्या दिवशी तुमी लिहून राहिले होते. शिकलेला माणूस. एक डाव तोंडानं बोलायचं होतं."

मी डबी डॉक्टरांकडे पोचवली. त्यांनी गोळ्या रजिस्टरला परत जमा म्हणून लिहिल्या नाहीत. टाकून दिल्या. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

मी त्यानंतर बरीच वर्षं वार्ताहर होतो. वाटपाच्या बातम्या दर आठवड्याला येत: वह्या, चष्मे, गोळ्या, घोंगड्या. डेस्कला हवं असतं ते एवढंच, किती जणांना दिलं आणि कुणाच्या हस्ते. मी त्यात एक ओळ विचारून घालू लागलो: किती जणांना लागत होतं. जागा कमी पडली की तीच ओळ आधी कापली जायची.