फ्रान्सिसकाकांचा फुकटचा वजीर

एकाच ओटीवर दर रविवारी तीच दोन माणसं तोच पट मांडून बसली, की किस्से आपोआप साचतात. कितीही झाडून काढा, कोपऱ्यात चार उरतातच. होळी गावातल्या आमच्या घरी माझे सासरे, म्हणजे आबा, आणि केळीच्या वाडीवाले फ्रान्सिसकाका बुद्धिबळाला बसायचे. काका चर्चमधली मिस्सा आटोपून इस्त्रीच्या शर्टातच यायचे. मी दाराआड भाजी निवडत बघायची.

*

आबा जुन्या पद्धतीचे. त्यांचा राजा डावात एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडायचा. काका म्हणायचे, स्पर्धेत असलं चालत नाही. एकदा राजा उडाला आणि दोघांत अबोलाच झाला. मी चहा नेला तर आबा मला म्हणाले, “त्यांना सांग, चहा निवतोय.”

काका म्हणाले, “त्यांना सांग, राजा आधी खाली ठेवा.”

दोघांच्या मध्ये पट, तो दीड हाताचा!

*

माझा स्वभाव काळजीचा. माझी सुमी तेव्हा नऊ वर्षांची. विहिरीकडे गेली तरी काळजी, नुसती खोकली तरी काळजी. तिने पटाला हात लावला की आतून माझं ठरलेलं, “सुमे, हात धुतलेस?”

काका हसायचे. “आबा, सूनबाईंनी शह दिला.”

*

काकांची एक खोडी होती. डावाच्या सुरुवातीलाच घोडा पुढे उडवायचे आणि मागे वजीर उघडा टाकायचे. समोरच्याने उंटाने तो वजीर मारला, की काकांचा उंट आणि दोन घोडे मिळून दोन खेळ्यांत मात! आबा सलग तीन रविवार फसले. कळत असून का मारता, विचारलं तर म्हणाले, “अगं, वजीर सोडवत नाही.”

सुमीही दोनदा फसली. दुसऱ्यांदा जेवेचना. मी भरवता भरवता म्हटलं, “बाजारात जे काका डझनावर एक केळं जास्त देत नाहीत, ते वजीर फुकट देतील?”

घास तोंडात तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

*

मग काकांनी कबूल केलं, की सुमीने त्यांना एकदा हरवलं तर तिला मुंबईला शाळांच्या स्पर्धेला नेतील. तीन दिवस, मुक्काम त्यांच्या बहिणीकडे. सुमी नाचायलाच लागली. आबा लगेच हो म्हणाले. मला मात्र काळजी. एवढीशी पोर, परकं घर, झोपेत आईला शोधते अजून. हरली तर बरं, असं मनात आलं. त्याची आजही लाज वाटते.

*

त्या रविवारी सुमी काकांसमोर पटाला बसली. बाहेरच्याने खेळी सांगायची नाही आणि हात लावलेली सोंगटी हलवायचीच, हे काकांचे नियम. सुमीने या वेळी आपला एक घोडा आधीच बाहेर काढून ठेवला होता. काकांनी सवयीने त्यांचा घोडा उडवला. मागे वजीर उघडा. सुमीचा हात उंटाकडे निघाला.

मी गप्प बसले असते, तर पोर घरीच राहिली असती.

“सुमे, हात धुतलेस?”

ती चिडून उठली, मोरीवर गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. ओले हात फ्रॉकला पुसत परत आली, पटाकडे बघत उभीच राहिली. मग आपल्या घोड्याने काकांचा घोडा मारला. वजिराला हातसुद्धा लावला नाही.

काकांनी आधी पटाकडे पाहिलं, मग दाराकडे.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तिचे हात स्वच्छच होते.”

डाव आणखी तासभर चालला आणि काका हरले. तोवर मी माळ्यावरची ट्रंक काढून सुमीचा स्वेटर उन्हात घातला होता.