आठव्या गट्ट्याचा ठोका

मी चौथी शिकलेला माणूस. हे वहीत मी लिहिलं, सुनेनं मोबाईलवर उतरवलं. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं. आम्ही बौद्ध. भूत, भानामती, अंगारे-धुपारे माझ्या वडलांनीच घरातून हद्दपार केले, आणि मी त्यांच्यापेक्षा हट्टी. गावात कोणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचो. तेव्हा हे वाचून कोणी हसलं तर हसू द्या... मीही हसलो असतो.

मी धाडचा. बाजाराच्या रस्त्याला पूर्वेकडे तोंड असलेली टिनाची एक खोली, तेच माझं दुकान. दार एकच, मागं खिडकीसुद्धा नाही. पन्नास वर्षं झाली, मी तबले बनवतो, चामड्याच्या पुड्या चढवतो, मधली काळी शाई भरतो. बुलडाण्यापासून जालन्यापर्यंतच्या भजनी मंडळांत माझे तबले वाजतात. एकही परत आला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात आला. बुलडाण्याचे एक सर तबला शिकवतात. त्यांनी मोबाईलमधलं सूर मोजायचं यंत्र तबल्याजवळ धरलं.

"बाबा, सूर एका बाजूनं उतरलाय," सर म्हणाले. "वय झालं आता तुमचं. चालायचंच."

चालायचंच! माझं डोकं फिरलं. म्हणालो, "परत करून देतो. पुन्हा चुकला तर दुकानाले कुलूप लावतो." पोरगा शेगावात लॉजवर मॅनेजर आहे, तो बरीच वर्षं हेच म्हणत होता. त्याला आयतंच सापडलं.

सर ज्या दिवशी तबला न्यायला येणार होते, त्याच दिवशी रेडिओवर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत शास्त्रीय संगीत होतं. ज्या वेळेचा राग, त्या वेळेला. मी पहाटेच रेडिओ लावून बसलो. तोडी चालू होती तेव्हा शाईचा पहिला थर दिला. थर द्यायचा, गोट्यानं घोटायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. घाई केली तर शाई तडकते. सारंग लागला तेव्हा शेवटचा थर घोटून झाला.

हे काम मला रहीमचाचांनी शिकवलं. रोहिणखेडला त्यांच्याकडे मी सात वर्षं होतो. चाचा फार बोलत नसत. तबल्याच्या पट्ट्यांखाली लाकडाचे आठ गोल गट्टे असतात, ते खाली ठोकले की त्या बाजूचा सूर चढतो. शागीर्दानं सूर मिळवला की चाचा तबला मांडीवर घेत. जो गट्टा चुकला असेल, त्याच्यावर हातोडीचा एक ठोका. सगळं बरोबर झालं की तबल्याच्या खोडावर दोन ठोके. म्हणजे पास. दोन ठोके पडल्याशिवाय तबला दुकानाबाहेर जात नसे. माझ्या तबल्याला दोनाच्या आधी चार-पाच ठोके ठरलेले. वर म्हणायचे, "अबे सुखदेव, हाताले घाई अन् कानाले झोप!" त्यांच्या हातोडीचा तोंडाशी टवका उडालेला होता. त्यामुळे तिची खूण चंद्राच्या कोरीसारखी उमटायची. चाचांना जाऊन चाळीस वर्षं झाली. हातोडी रोहिणखेडलाच, त्यांच्या मुलीच्या घरी.

तर... दुपारी पावणेचारला मी सूर मिळवला. चांगला तीन-तीनदा वाजवून बघितला. माझ्या मते पक्का. तबला चुंबळीवर ठेवला, माझी हातोडी पेटीत टाकली आणि हात धुवायला दारासमोरच्या टाकीवर गेलो. सून सुनंदा दाराबाहेर सावलीत तुरीची डाळ निवडत बसली होती. रेडिओवर भीमपलास संपला.

आणि आतून आवाज आला.

ठक.

मग जरा थांबून — ठक ठक.

"मामाजी, हळू ठोका ना," सुनंदा मान खाली घालूनच म्हणाली. "कोन गायलं ते सांगतीन आता, ऐकू नाही येनार."

"मी कुठी ठोकून राह्यलो? मी तं इथं हाओ!"

तिनं वर बघितलं. माझे हात ओले, पाणी गळतंय. "मंग रेडिओतलं असन," म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

आत गेलो. तबला होता तिथंच. पण एक गट्टा खाली सरकलेला, बोटाच्या पेरभर. माझी हातोडी पेटीत, पेटी बंद. मला रागच आला. म्हटलं माझा मिळवलेला सूर कोणी बिघडवला? गट्टा परत वर करायला हातोडी उचलली, आणि उगाच एकदा थाप मारून बघितली...

काय सांगू. तो सूर! रेडिओवर पुढच्या गाण्याचा तंबोरा लागला होता, तरी त्यातून वेगळा, घंटेसारखा घुमला. तेव्हा मला कळलं की आधी तो खरंच उतरलेला होता. माझा डावा कान दोन वर्षांपासून कमी झालाय. हे मी घरातही कोणाला बोललो नव्हतो, इथं पहिल्यांदा लिहितो.

मग गट्टा निरखून बघितला. ताज्या लाकडावर चंद्राची कोर. पेटीत शागिर्दीतला एक जुना गट्टा जपून ठेवलाय, तो शेजारी धरला. तीच खूण.

रोहिणखेडला फोन लावला. चाचांची मुलगी जुबेदा आता स्वतः आजी झालीय.

"आपा, चाचांची हातोडी कुठी हाय?"

"कुठी जाईन? खुंटीले हाय."

"कोनी काढली होती काय आज?"

"कोन काढते बे? कोळ्यानं जाळं केलं तिच्यावर. काऊन, तुले पाह्यजे काय?"

"नाही. राहू द्या तिथंच."

संध्याकाळी सर आले. यंत्र काढलं, सगळ्या बाजूंनी बोट मारून बघितलं. कुठंच चूक दाखवेना. मी मुद्दाम विचारलं, "भीमपलास झाल्यावर रेडिओत काही ठोकल्यासारखं वाजलं काय?" सरही दिवसभर तेच ऐकत होते.

"नाही बाबा. गाणं संपलं अन् रेडिओवरच्या बाई लगेच बोलल्या. का हो?"

"काही नाही."

सर तबला उचलून म्हणाले, "मी चुकलो बाबा. कान आहे तुमचा अजून. तुम्हीच मिळवला ना?"

"सात गट्टे मी मिळवले," म्हणालो. "आठव्याचं इचारू नका."

सर हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय.

आता तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्ही सांगा. उंदीर म्हणाल, तर उंदराला हातोडी धरता येत नाही. मी विसरलो म्हणाल, तर सुनेनं पण ऐकलं. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि भुतावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

पण एक सांगतो. आधी चार-पाच ठोके खाल्ल्याशिवाय ज्याला दोन ठोके कधी मिळाले नाहीत, त्या सुखदेवाच्या तबल्यात त्या दिवशी चाचांना एकच गट्टा चुकीचा सापडला. आठातला एक!

दुकान चालू आहे. सूर मिळवून झाला की तबला चुंबळीवर ठेवतो, रेडिओ बारीक करतो आणि टाकीवर सावकाश हात धुतो. तेव्हापासून अकरा तबले झाले. चुकीचा एक ठोका नाही पडला, पासचे दोनही नाही पडले. सुनंदा म्हणते, चाचा येत नाहीत आता.

मी म्हणतो, पासचे ठोके शागीर्दाला असतात, माझी शागिर्दी त्या दिवशी संपली. आले असतील. चूक सापडली नसेल.